बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव : एक संज्ञा, अनेक द्रव्ये
(उपचाराचे फलित आणि खर्च ह्यांवर परिणाम करणाऱ्या घटकांची मीमांसा)

शास्त्रीय संज्ञेकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक, ती ज्या वस्तूस लावली जाते त्या सर्व वस्तू काही आवश्यक लक्षणांनी एकरूप असाव्यात. आणि दोन, त्या लक्षणांनी युक्त नसलेली वस्तू तिच्या कक्षेत येऊ नये. आपल्या न्यायशास्त्राने अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे जे लक्षणदोष सांगितले, ते ह्याच अपेक्षांच्या भंगाची नावे होत. व्यवहारातील भाषा ह्या दोषांसह सुखेनैव चालते; ‘भाजी’ म्हटल्याने कोणाचे अडत नाही. परंतु ज्या संज्ञेच्या आधारे औषधाची परीक्षा होते, रुग्णास सल्ला दिला जातो आणि त्याच्याकडून मूल्य घेतले जाते, त्या संज्ञेतील शैथिल्य केवळ शब्दाचे राहत नाही. ते अनुमानात शिरते आणि अखेरीस रुग्णाच्या शरीरापर्यंत व खिशापर्यंत जाऊन पोहोचते.

ह्या विधानाचे ठळक उदाहरण म्हणून ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’ अथवा ‘पी. आर. पी.’ ह्या संज्ञेकडे पाहता येईल. गुडघ्याची झीज, टेनिस एल्बो, कंडरांचे जुने विकार, केस गळणे, न भरणाऱ्या जखमा अशा परस्परांपासून दूर असलेल्या तक्रारींवर हा उपचार आज सर्वत्र केला जातो. त्याविषयीची प्रसिद्ध संशोधने मात्र एकमेकांस छेद देणारी आहेत. ह्या विसंवादाचा किती भाग औषधाचा आणि किती भाग नामाचा, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. संज्ञेचा इतिहास

रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेणाऱ्या अतिसूक्ष्म चकतीसारख्या कणांचे स्वतंत्र अस्तित्व व कार्य इटालियन शास्त्रज्ञ ज्युलिओ बित्सोत्सेरो ह्याने १८८२ मध्ये स्पष्ट केले. त्यांच्या आकारावरूनच ‘लहान तबकडी’ ह्या अर्थाची नावे युरोपीय भाषांत रूढ झाली. मराठीत ‘बिंबाणू’ हा प्रतिशब्द योजला गेला, तोही आकारवाचकच आहे. रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवास ‘रक्तद्रव’ आणि गोठण्याची क्रिया पूर्ण झाल्यावर सुटणाऱ्या द्रवास ‘रक्तरस’ असा भेद मराठी शास्त्रीय लेखनात केला जातो. लोकव्यवहारात मात्र ‘प्लेटलेट’ आणि ‘प्लाझ्मा’ हेच शब्द स्थिरावले. पहिला डेंग्यूच्या साथींनी घरोघरी नेला, दुसरा २०२० च्या करोनाच्या साथीने.

‘बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव’ ही संज्ञा मुळात रक्तपेढीतील आहे. दात्याचे रक्त मंद गतीने फिरविले असता तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वरच्या रक्तद्रवात बिंबाणू तरंगत राहतात. ह्या वरच्या थरास समृद्ध म्हणावयाचे. तोच थर पुन्हा वेगाने फिरवून बिंबाणू खाली बसविले की वर उरतो तो ‘बिंबाणुदरिद्र’ रक्तद्रव. येथे ‘समृद्ध’ आणि ‘दरिद्र’ ही दोन विशेषणे एकाच प्रक्रियेतील दोन टप्पे परस्परांपासून ओळखण्यासाठी वापरलेली आहेत. त्यांत कोणतेही निरपेक्ष परिमाण अभिप्रेत नाही. रक्तपेढीचे तेवढ्याने भागत होते, कारण पुढे रुग्णास चढवावयाच्या पिशवीची मोजदाद स्वतंत्रपणे ठरलेली असे.

पुढे ही संज्ञा रक्तपेढीच्या बाहेर पडली. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात तिला विशेष प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स व त्यांचे सहकारी ह्यांच्या १९९८ च्या लेखामुळे. जबड्याच्या हाडाच्या पुनर्रचनेत रुग्णाच्याच रक्तातून काढलेले संहत बिंबाणू अस्थिरोपणात मिसळल्यास हाड लवकर परिपक्व होते, असे त्यांनी मांडले. त्यामागील विचार असा की, बिंबाणू केवळ रक्तस्राव थांबवीत नाहीत. त्यांच्या कणिकांत पेशींच्या वाढीस व रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देणारे अनेक वृद्धिघटक साठविलेले असतात आणि बिंबाणू उद्दीपित झाले की ते बाहेर टाकले जातात. मग जेथे जखम भरून येणे मंदावले आहे तेथे हे कण अधिक संख्येने पोहोचविले तर भरण्यास साहाय्य होईल, ही कल्पना ओघानेच आली. विसावे शतक संपल्यानंतर ती दंतवैद्यकातून अस्थिवैद्यक, क्रीडावैद्यक आणि त्वचावैद्यक ह्यांत पसरली. संज्ञा सर्वत्र तीच राहिली. वस्तू मात्र प्रत्येक ठिकाणी बदलत गेली.

२. ‘समृद्ध’ म्हणजे किती?

‘बिंबाणूंनी समृद्ध’ असा हा तृतीया तत्पुरुष समास आहे. त्यातील ‘समृद्ध’ हे पद ‘उंच’, ‘जड’, ‘श्रीमंत’ ह्यांच्या जातीचे सापेक्ष विशेषण होय. अशा विशेषणाचा अर्थ तुलनेचे माप कळल्यावाचून पुरा होत नाही. उंच मूल आणि उंच डोंगर ह्यांतील उंचीची मापे वेगळी असल्याची जाणीव श्रोत्यास असते. परंतु ‘समृद्ध रक्तद्रव’ म्हटल्यावर कशाच्या तुलनेत समृद्ध, हे संज्ञा सांगत नाही आणि श्रोताही विचारीत नाही.

निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे सुमारे दीड लाख ते साडेचार लाख बिंबाणू असतात. मार्क्स ह्यांनी २००१ मध्ये ‘पी. आर. पी. कशास म्हणावे आणि कशास म्हणू नये’ ह्याच प्रश्नास वाहिलेल्या लेखात दर मायक्रोलिटरमागे दहा लाख अशी कसोटी सुचविली. ही व्याख्या निश्चित होती, परंतु ती सर्वमान्य झाली नाही. बाजारात आलेल्या अनेक संचांतून निघणारा द्रव मूळ रक्ताच्या जेमतेम दीडपट ते दुप्पट संहत असे, तर काहींतून निघणारा पाचपटीच्याही पुढे जाई. दोहोंवर शिक्का मात्र एकच. दहा लाखांची कसोटी लावली तर प्रचारात असलेली कित्येक द्रव्ये वगळली जातात, म्हणजे अव्याप्ती होते. कसोटी काढून टाकली तर साध्या रक्तद्रवाहून फारसे निराळे नसलेले द्रव्यही ह्या नावाखाली येते, म्हणजे अतिव्याप्ती होते.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. संहति आणि मात्रा ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. संहति म्हणजे एका मायक्रोलिटरमधील कणांची संख्या. मात्रा म्हणजे प्रत्यक्ष शरीरात सोडलेल्या कणांची एकूण संख्या. ‘चौपट समृद्ध’ असे द्रव दोन मिलिलिटर दिले काय आणि आठ मिलिलिटर दिले काय, विशेषण तेच राहते. मात्रा मात्र चौपटीने बदलते.

साध्या अंकगणिताने हा मुद्दा स्पष्ट होईल. एखाद्या व्यक्तीच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे अडीच लाख बिंबाणू आहेत असे समजू. तिचे १० मिलिलिटर रक्त काढले तर त्यात एकूण २५० कोटी बिंबाणू असतील. प्रक्रियेत एकही कण वाया गेला नाही तरी इंजेक्शनात २५० कोटींहून अधिक बिंबाणू येणे अशक्य आहे. तिचेच ६० मिलिलिटर रक्त काढले तर त्यात १,५०० कोटी असतील. त्यांपैकी दोनतृतीयांश हाती लागले तर १,००० कोटींची मात्रा मिळेल. ही संख्या केवळ उदाहरणासाठी घेतलेली नाही. गुडघ्याच्या झिजेवर भारतात झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ मिलिलिटर द्रवात १,००० कोटी बिंबाणू ही मात्रा योजलेली होती आणि दीर्घकालीन परिणामासाठी मात्रा निर्णायक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या दवाखान्यात एका लहान नळीभर रक्तावर हा उपचार होतो, तेथे ह्या निष्कर्षाचा दाखला देणे हे नामसाम्यावर केलेले अनुमान ठरते.

३. नाम न सांगणारे इतर गुणधर्म

बिंबाणूंच्या संख्येबाबत संज्ञा निदान सूचना तरी देते. द्रव्याच्या इतर कित्येक गुणधर्मांविषयी ती सर्वस्वी मौन पाळते.

पहिला गुणधर्म श्वेतपेशींचा. रक्त फिरविल्यावर तांबड्या पेशी आणि रक्तद्रव ह्यांच्या मधोमध जो पांढुरका पातळ पापुद्रा जमतो, त्यात श्वेतपेशी आणि बरेचसे बिंबाणू एकत्र असतात. तो पापुद्रा घेतला तर बिंबाणू अधिक मिळतात, परंतु श्वेतपेशीही येतात. टाळला तर द्रव स्वच्छ राहतो, परंतु बिंबाणू कमी मिळतात. श्वेतपेशींमुळे दाह वाढू शकतो. म्हणून सांध्याच्या पोकळीत देण्यासाठी श्वेतपेशीविरहित द्रव बरा, असे पुष्कळ चिकित्सक मानतात. कंडरेच्या जुन्या विकारात श्वेतपेशीयुक्त द्रवही वापरला जातो. म्हणजे एका व्याधीत जो दोष तो दुसरीत कदाचित गुण. आणि दोन्ही द्रव्यांचे नाव एक.

दुसरा गुणधर्म उद्दीपनाचा. काही ठिकाणी द्रवात कॅल्शियम क्लोराइड किंवा थ्रॉम्बिन मिसळून बिंबाणू आधीच उद्दीपित केले जातात. काही ठिकाणी ऊतींतील कोलॅजेनशी संपर्क आल्यावर ते आपोआप उद्दीपित होतील असे मानून द्रव तसाच दिला जातो. तिसरा गुणधर्म फायब्रिनच्या जाळ्याचा. २००१ च्या सुमारास फ्रान्समध्ये शुक्रून व त्यांचे सहकारी ह्यांनी रक्त न गोठू देणारा पदार्थ मुळीच न घालता दाट फायब्रिनचा गोळा मिळविण्याची पद्धत पुढे आणली. हे द्रव्य पातळ नसून जेलीसारखे असते आणि सुईने टोचण्यापेक्षा जखमेत बसविण्यास योग्य असते.

ह्याखेरीज मूळ रक्त हेही स्थिर द्रव्य नव्हे. बिंबाणूंचे आयुष्य साधारणतः सात ते दहा दिवसांचे असते. ॲस्पिरिनसारखे औषध घेणाऱ्याच्या शरीरातील बिंबाणूंचे कार्य त्या मुदतीपर्यंत मंदावलेले राहते. म्हणून उपचारापूर्वी काही दिवस वेदनाशामके बंद ठेवण्यास पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाने मात्र आपल्या वैद्याच्या सल्ल्याविना ते बंद करणे धोक्याचे आहे. गोळ्यांच्या कारखान्यात एकाच घाण्यातील सर्व गोळ्या सारख्या असतात. येथे प्रत्येक रुग्ण हाच स्वतःच्या औषधाचा कारखाना होय. ते औषध प्रत्येक वेळी नव्याने तयार होते आणि बहुधा न मोजताच वापरले जाते.

४. वर्गीकरणाचे प्रयत्न

ही अडचण वैद्यकातील अभ्यासकांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. २००९ मध्ये डोहान एरेनफेस्ट व सहकाऱ्यांनी श्वेतपेशींची उपस्थिती आणि फायब्रिनची घनता ह्या दोन निकषांवर ह्या द्रव्यांची चार कुळे पाडली. २०१२ मध्ये डीलाँग व सहकाऱ्यांनी बिंबाणूंची संख्या, उद्दीपनाची रीत आणि श्वेतपेशी ह्या तीन निकषांची पद्धत सुचविली. २०१६ मध्ये मागालाँ व सहकाऱ्यांनी मात्रा, प्रक्रियेची कार्यक्षमता, द्रव्याची शुद्धता आणि उद्दीपन ह्या चार निकषांचे वर्गीकरण मांडले. त्यात ५०० कोटींहून अधिक बिंबाणूंची मात्रा पहिल्या श्रेणीत, ३०० ते ५०० कोटी दुसऱ्या, १०० ते ३०० कोटी तिसऱ्या आणि १०० कोटींखालील चौथ्या श्रेणीत येते. संशोधनलेखात कोणती किमान माहिती दिलीच पाहिजे, ह्याची तज्ज्ञसंमत यादीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही घडामोड उद्बोधक आहे. सामान्य नामास विशेषणे जोडून त्याचे पोटभेद करावयाचे, ही भाषेची नेहमीची रीत. ‘तांदूळ’ ह्या सामान्य नामाने भागेनासे झाले की ‘आंबेमोहोर’, ‘कोलम’, ‘इंद्रायणी’ ही नावे येतात आणि खरेदी करणारा नेमके नाव घेऊन मागतो. पी. आर. पी. च्या बाबतीत पोटभेदांची नावे तयार झाली, परंतु ती विद्वानांच्या नियतकालिकांतच राहिली. बाजारात मूळ नावच चालू राहिले. नियतकालिकांतही त्यांचा वापर काटेकोर नव्हता. अस्थिवैद्यकातील १०५ चाचण्यांचे जे परीक्षण चाहला व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात द्रव तयार करण्याची रीत दुसऱ्यास पुन्हा अनुसरता येईल इतकी सविस्तर दिलेल्या चाचण्या सुमारे दहा टक्केच आढळल्या, आणि अंतिम द्रवात काय किती होते हे मोजून सांगणाऱ्या सुमारे सोळा टक्के. उरलेल्या लेखांत औषधाचे वर्णन म्हणजे औषधाचे नाव, एवढेच.

५. चाचण्यांचा विसंवाद

आता प्रत्यक्ष निष्कर्षांकडे वळावयाचे.

चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील चिकित्सकांनी गुडघ्याच्या झिजेवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ७८ रुग्णांच्या १५६ गुडघ्यांचे तीन गट करून एकास एक इंजेक्शन, दुसऱ्यास तीन आठवड्यांच्या अंतराने दोन, आणि तिसऱ्यास केवळ सलाइन देण्यात आले. बिंबाणूंचे द्रव मिळालेल्या दोन्ही गटांत वेदना व हालचाल ह्यांत सलाइनच्या गटाहून स्पष्ट सुधारणा दिसली. झीज सौम्य असलेल्यांत ती अधिक होती, आणि सहा महिन्यांच्या सुमारास ती काहीशी ओसरू लागली. खर्चाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, दोन इंजेक्शनांचा गट एका इंजेक्शनाच्या गटाहून सरस ठरला नाही.

ह्याउलट ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर केलेली व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. तीत आठवड्यास एक अशी तीन इंजेक्शने देण्यात आली. वर्षाअखेर वेदनेचा अंक बिंबाणूंच्या गटात २.१ ने आणि सलाइनच्या गटात १.८ ने घटला. कूर्चेच्या झिजेतही दोन्ही गटांत अर्थपूर्ण अंतर पडले नाही. उपचार निष्फळ, असा निर्णय ह्यावरून कित्येकांनी दिला. त्यावर टीकाकारांनी असे दाखविले की, त्या चाचणीतील द्रवात बिंबाणूंची संहति निरोगी रक्ताच्या सामान्य मर्यादेच्या पलीकडे गेलेलीच नव्हती. तेव्हा ‘समृद्ध’ द्रव निष्फळ ठरला की द्रव ‘समृद्ध’ नव्हता, हा प्रश्न उरतोच.

परंतु ह्या युक्तिवादाची दुसरी बाजूही तपासावयास हवी. प्रत्येक प्रतिकूल चाचणीनंतर ‘ते खरे पी. आर. पी. नव्हतेच’ असे म्हणण्याची मुभा राहिली, तर उपचाराचे विधान कधीच खोटे ठरू शकणार नाही. आणि जे कधीच खोटे ठरू शकत नाही त्यास शास्त्रीय विधान म्हणता येत नाही. अनुकूल निष्कर्ष आले की संज्ञा व्यापक करावयाची आणि प्रतिकूल आले की संकुचित करावयाची, हे वादात चालेल, परीक्षेत चालणार नाही. शिवाय प्रतिकूल निष्कर्ष एकटादुकटा नाही. टाचेमागील अकिलिस कंडरेच्या विकारावरील २०१० ची नेदरलँड्समधील ५४ रुग्णांची चाचणी आणि २०२१ ची ब्रिटनमधील २४० रुग्णांची चाचणी, तसेच घोट्याच्या झिजेवरील २०२१ ची १०० रुग्णांची चाचणी, ह्या तिन्हींत तुलनेच्या गटाहून अधिक लाभ आढळला नाही.

तुलना कशाशी केली, हाही फलितावर परिणाम करणारा घटक आहे. टेनिस एल्बोवरील २०१० च्या १०० रुग्णांच्या प्रसिद्ध चाचणीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशी तुलना होती आणि वर्षाअखेर बिंबाणूंचा गट स्पष्टपणे पुढे होता. परंतु स्टेरॉइडने प्रारंभी आलेला आराम पुढे ओसरतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मागे पडणाऱ्याच्या शेजारी धावणारा वेगवान दिसतो. ह्याच विकारावरील चाचण्यांचे जे पद्धतशीर परीक्षण कॉक्रेन संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात निष्प्रभ इंजेक्शनाशी तुलना करता रुग्णास जाणवण्याजोगा लाभ दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला.

६. ‘गुण’ आणि ‘परिणाम’

येथे मराठी भाषेतील एका शब्दाचा विचार अप्रस्तुत होणार नाही. औषधाने बरे वाटले की मराठी माणूस ‘गुण आला’ असे म्हणतो. ह्या वाक्प्रयोगात कर्ता औषध नसून ‘गुण’ आहे. तो कोठून आला ह्याविषयी वाक्य तटस्थ राहते. ‘अमक्या वैद्याच्या हाताला गुण आहे’, ‘हातगुण चांगला’ असेही म्हटले जाते, म्हणजे गुणाचे श्रेय द्रव्याखेरीज देणाऱ्यासही जाऊ शकते, ह्याची जाणीव भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेविली आहे.

ऑस्ट्रेलियातील चाचणीत सलाइनच्या गटासही १.८ अंकांचा ‘गुण’ आला, ही गोष्ट ह्या दृष्टीने पाहावी. जुन्या दुखण्यात चढउतार असतात आणि दुखणे चढलेले असतानाच रुग्ण वैद्याकडे जातो. त्यामुळे काही काळाने ते उतरणे स्वाभाविक असते. त्यात सुई, यंत्र, स्वतःचेच रक्त, वैद्याचे लक्ष आणि मोजलेली रक्कम ह्यांनी निर्माण झालेली अपेक्षा मिळते. ह्या साऱ्यांची बेरीज म्हणजे ‘गुण’. त्यातून तुलनेच्या गटास आलेला गुण वजा केल्यावर जे उरते, तेवढाच द्रव्याचा ‘परिणाम’. रुग्ण सांगतो तो गुण. चाचणी मोजते तो परिणाम. दोन्ही खरे असतात. परंतु पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही.

ह्यास जोडूनच ‘स्वतःच्या रक्तापासून’ ह्या विशेषणाचा विचार करावा. हे विशेषण द्रव्याच्या निर्धोकतेविषयी बरेच काही सांगते. परक्या रक्तातून येणाऱ्या संसर्गाचे व प्रतिक्रियेचे भय येथे नसते. सुईच्या जागी दुखणे, सूज आणि क्वचित जंतुसंसर्ग एवढीच जोखीम उरते, तीही सुई व नळ्या प्रत्येकासाठी नव्या आणि निर्जंतुक असतील तर. परंतु उपयुक्ततेविषयी हे विशेषण काहीच सांगत नाही. अपाय नसणे म्हणजे उपाय असणे नव्हे. ब्रिटनमधील ‘नाइस’ ह्या संस्थेने गुडघ्याच्या झिजेबाबत २०१९ मध्ये नेमका हाच भेद केला : सुरक्षिततेविषयी मोठी चिंता नाही, मात्र उपयुक्ततेच्या पुराव्याचा दर्जा मर्यादित आहे.

७. खर्चाची घडण

ह्या उपचाराचा खर्च पुढील घटकांनी बनतो : रक्त काढण्याच्या नळ्या किंवा तयार संच, रक्त फिरविण्याचे यंत्र, ते हाताळणाऱ्याचा वेळ, बिंबाणू मोजले तर त्या मोजणीचे मूल्य, सुई योग्य जागी जावी म्हणून सोनोग्राफीचे साहाय्य घेतले तर त्याचे मूल्य, चिकित्सकाचे मानधन, आणि इंजेक्शनांची संख्या. त्यानंतर व्यायामोपचार आणि बुडालेली मजुरी हेही रुग्णाच्या हिशेबात धरावे लागतात. ह्यांपैकी प्रत्येक घटकास स्वस्त आणि महाग असे पर्याय आहेत. साध्या नळ्या व प्रयोगशाळेतील नेहमीचे यंत्र वापरून दोनदा फिरवूनही हे द्रव काढता येते, आणि आयात केलेल्या बंद संचातूनही.

अमेरिकेतील केंद्रांकडून दर मागवून केलेल्या २०१९ च्या एका पाहणीत गुडघ्याच्या एका इंजेक्शनाचा सरासरी दर सुमारे ७०० डॉलर आढळला; परंतु त्यातील सर्वांत कमी दर २०० डॉलरच्या आत आणि सर्वांत अधिक सुमारे ५,००० डॉलर होता. एकाच नावाच्या वस्तूच्या किमतीत असे पंचवीसपट अंतर पडावे, ह्यावरून त्या नावाने खरेदीदारास वस्तूची ओळख पटत नाही हे उघड होते. जेथे गुणवत्ता मोजलेली नसते तेथे किंमत हीच गुणवत्तेची खूण मानली जाण्याचा संभव असतो. आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे अधिक किमतीने अपेक्षा वाढते, अपेक्षेने ‘गुण’ही वाढू शकतो. अशा रीतीने महाग दर स्वतःचेच समर्थन निर्माण करतो.

दर आणि मूल्य ह्यांतील अंतर एका काल्पनिक उदाहरणाने दाखविता येईल. समजा, शंभर रुग्णांपैकी बिंबाणूंच्या द्रवाने साठ जणांस आणि सलाइनने पन्नास जणांस आराम वाटला. दवाखान्याच्या हिशेबी हा साठ टक्के यशाचा उपचार होय. परंतु द्रव्यामुळे अधिक बरे झालेले दहाच आहेत आणि त्यांसाठी शंभर जणांनी पैसे मोजले आहेत. म्हणजे द्रव्याच्या एका यशाची खरी किंमत एका इंजेक्शनाच्या दराच्या दहापट झाली. अंतर दहाऐवजी दोनचे असेल तर ती पन्नासपट होईल. आणि अंतर शून्य असेल तर कोणताही दर महागच. खर्चाचा प्रश्न फलिताच्या प्रश्नापासून सोडविता येत नाही, आणि फलिताचा प्रश्न द्रव्याच्या व्याख्येपासून सोडविता येत नाही.

खर्च कोणी उचलावा ह्याचे निर्णयही ह्याच गाठीशी येऊन थांबतात. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२१ मध्ये मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांसाठी हा खर्च ठरावीक मुदतीपर्यंत मान्य केला. तेथे जखम भरली की नाही हे डोळ्यांनी दिसते आणि मोजता येते. गुडघ्याच्या बाबतीत मात्र त्याच देशातील दोन विद्वत्संस्थांनी भिन्न भूमिका घेतल्या. संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघा व खुबा ह्यांच्या झिजेसाठी हा उपचार करू नये अशी ठाम शिफारस केली आणि त्याचे कारण म्हणून द्रव्यांतील विविधता व प्रमाणीकरणाचा अभाव ह्यांकडे बोट दाखविले. अस्थिशल्यचिकित्सकांच्या संस्थेने २०२१ मध्ये ह्याने वेदना कमी होऊ शकतील असे मर्यादित बळाचे अनुकूल मत दिले. पहिल्या संस्थेचा आक्षेप मुळात संज्ञेवरचा आक्षेप आहे : एका नावाखाली नेमके काय दिले जाते हे कळत नसेल, तर त्या नावाची शिफारस कशी करावयाची?

८. मराठी परिभाषेचे कार्य

मराठीभाषक रुग्णापुढे आणखी एक संभ्रम उभा राहतो. डेंग्यूत चढविले जाणारे प्लेटलेट दात्याचे असतात आणि ते शिरेतून दिले जातात. करोनाच्या साथीत महाराष्ट्रात जून २०२० मध्ये ज्या प्लाझ्मा उपचाराची मोठी चाचणी सुरू झाली, तो बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांवर आधारलेला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ४६४ रुग्णांच्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून वगळण्यात आला. सांध्यात किंवा डोक्याच्या त्वचेत टोचले जाणारे पी. आर. पी. ह्या दोहोंहून भिन्न आहे. परंतु ‘प्लेटलेट’ आणि ‘प्लाझ्मा’ हे दोन परिचित शब्द एकत्र ऐकले की एकाचे जीवनदायित्व आणि दुसऱ्याची कीर्ती किंवा अपकीर्ती नकळत तिसऱ्याच्या माथी येते.

ह्यावर ‘बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव’ असा शुद्ध संस्कृतोद्भव प्रतिशब्द हा उपाय नव्हे. तो मूळ संज्ञेचा दोष जसाच्या तसा मराठीत आणतो, आणि वर दुर्बोधतेची भर घालतो. परिभाषा घडविणे म्हणजे परक्या शब्दासमोर स्वकीय शब्द मांडणे एवढेच नव्हे. त्या शब्दाने जो प्रश्न झाकला असेल तो उघडा करणे हेही परिभाषेचेच काम आहे. रुग्णाच्या संमतिपत्रात ‘पी. आर. पी.’ हीच रूढ अक्षरे राहिली तरी चालेल. मात्र त्यांच्यापुढे साध्या मराठीत इतके असावे : किती रक्त काढले जाणार, त्यातून किती द्रव निघणार, त्यात एकूण किती बिंबाणू असणार व ते मोजले आहेत की अंदाजले आहेत, श्वेतपेशी ठेविल्या की काढल्या, किती इंजेक्शने व का, ह्या विशिष्ट व्याधीत सलाइनशी तुलना करून काय आढळले आहे, आणि एकूण खर्च किती.

ही सात उत्तरे मिळाली तर उपचार उपयुक्त आहे की नाही ह्याचा निर्णय लगेच लागेल असे नाही. तो पुढील चाचण्यांनीच लागावयाचा आहे. परंतु त्या चाचण्यांची बेरीज करताना सजातीय वस्तूंचीच बेरीज होईल, दवाखान्यातील नोंदी परस्परांशी ताडून पाहता येतील, आणि गुडघेदुखीने गांजलेल्या माणसास आपण पैसे कशाचे मोजतो आहोत हे मोजण्यापूर्वी समजेल.